अक्काच्या वाट्याचं वचन

बंगलोर, १२ जानेवारी १९५८

प्रिय प्रतिमा,

सलाम. तुम्ही तिघं सुखरूप पोचल्याचं आबांचं कार्ड मिळालं. कार्डात सोळा ओळी आहेत, मोजल्या. त्यांतल्या अकरा तुझ्या. प्रतिमाने गाडीत कुणा म्हातारीला खिडकीची जागा दिली, प्रतिमाने मिरजेला धावत जाऊन पाणी भरून आणलं, प्रतिमा अशी नि प्रतिमा तशी. चार ओळी हवेच्या. शेवटची ओळ, 'नीलाला आशीर्वाद.' सासऱ्यांनी मोठ्या सुनेला एवढ्यात आटोपलं, म्हणजे माझ्याविषयी त्यांना काही काळजी नसावी, असा मी अर्थ घेते.

गेल्या रविवारी उपासनेनंतर चौघीजणींनी मला अडवलं. मला वाटलं, माझ्या नाताळच्या केकबद्दल बोलतील. तर म्हणे, "तुमची धाकटी जाऊ काय गाते हो!" आपल्या या बारा मराठी घरांच्या मंडळीत मी सहा वर्षं पेटी वाजवते आहे. पेटी बरी वाजते, असं म्हणायला अजून कुणाला सवड झालेली नाही.

बरं, तुमच्या वर्षाच्या वचनाचं काय झालं? नव्या वर्षाच्या सकाळी आमच्याकडे बिस्किटांचा डबा फिरवतात, ते तू पहिल्यांदाच पाहिलंस. दर घराने पवित्र शास्त्रातलं वचन लिहिलेली कागदाची एक सुरळी उचलायची, आणि घरच्या प्रार्थनेला बसेपर्यंत दोरा सोडायचा नाही. तुम्ही त्याच संध्याकाळी निघालात, म्हणून तुमची सुरळी बांधलेलीच नगरला गेली. आत काय निघालं? सहज विचारते.

आमचं फार सुंदर निघालं. देवाच्या आश्रयाला जो राहतो त्याच्यावर अरिष्ट येणार नाही, त्याच्या डेऱ्याजवळ व्याधी फिरकणार नाही, अशा अर्थाचं. डेरा म्हणजे आमचं कारखान्याचं क्वार्टर. यांनी ते ड्रॉइंगच्या कागदावर शाईने लिहून काढलं आणि चौकट करून समोरच्या खोलीत लावलं. ड्राफ्ट्समनशी लग्न केल्याचा तेवढा एक फायदा.

उपेंद्रभाऊजींना सलाम.

तुझी,
नीला


अहमदनगर, २१ जानेवारी १९५८

ती. अक्का,

सलाम. आबांच्या कार्डाचं मनावर घेऊ नका. ते लिहीत होते तेव्हा मी समोर बसले होते म्हणून माझं नाव आलं. समोर मांजर असतं तर अकरा ओळी मांजराच्या आल्या असत्या.

पेटीबद्दल सांगायचं तर, तुम्ही सूर धरून ठेवला नसता तर माझं गाणं तिसऱ्या कडव्यालाच कोसळलं असतं. त्या चौघींना कळलं नाही. मला कळलं होतं.

पोचलो त्याच दिवशी प्रार्थनेला सुरळी उघडली. यांनी वाचली आणि हसले. जगात तुम्हांला क्लेश होतील, असं प्रभू शिष्यांना सांगतो ना, ते वचन निघालं. पुढे, धीर धरा, मी जगाला जिंकलं आहे, असंही आहे. पण क्लेश आधी येतात. आबा मात्र चष्मा काढून म्हणाले, "हे त्याने स्वतःच्या माणसांना सांगितलंय. परक्याला कोण एवढं खरं सांगतं?" मग मला बरं वाटलं. तो कागद मी माझ्या शास्त्रात घालून ठेवला आहे.

तुमचं वचन ऐकून फार आनंद झाला. दामोदरदादांना आणि अलकाला, बाळाला घरात असंच सुख लाभो.

यांना प्रवासापासून खोकला आहे. इंजिनाच्या धुराने असेल.

तुमची,
प्रतिमा


बंगलोर, ४ फेब्रुवारी १९५८

प्रिय प्रतिमा,

सलाम, आणि धन्य आहे तुझी! डब्यातून क्लेश निघाले तरी मान तुलाच. 'परक्याला कोण एवढं खरं सांगतं' हे आबांचं वाक्य यांना इतकं आवडलं की यांनी ते मंडळीच्या प्रार्थनासभेत वाचून दाखवलं. पाळकसाहेबांनी डोळे पुसले. आमच्या चौकटीतल्या वचनाकडे पाहून आजवर कुणाचे डोळे ओले झाले नाहीत. अरिष्ट येणार नाही म्हटल्यावर रडायचं तरी कशाला? आणि आता आबांच्या हिशेबाने तुम्ही देवाची स्वतःची माणसं, तर आम्ही डेऱ्यात सुखाने राहणारे परकेच ठरलो की.

शेजारच्या कावेरीबाईंनीसुद्धा ओळखलं. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या वेळी इकडे आलं म्हणतात. मराठी बोलतात, पण कानडीत भिजवून. काल अंगणातून म्हणाल्या, "अक्का, स्वल्प बसा की इथं. धाकट्या जाऊचं पत्र आलं वाटतं." मी विचारलं, "कशावरून?" तर म्हणाल्या, "तोंडावरून."

एक विचारू? ते वचन वाचून तुला रडू नाही आलं? मला आलं असतं. असतं, म्हणते.

भाऊजींना अडुळशाचा काढा दे. खोकला जुना होऊ देऊ नये.

नीला


अहमदनगर, १९ मार्च १९५८

ती. अक्का,

सलाम. उत्तराला उशीर झाला. काढ्याने खोकला गेला नाही. गेल्या महिन्यात यांना दोनदा रक्त पडलं. छातीचा फोटो काढला. डाव्या फुफ्फुसावर वरच्या बाजूला डाग आहे. क्षय आहे, असं डॉक्टरांनी यांच्यासमोरच सांगितलं, ते बरं झालं. मला वेगळं सांगावं लागलं नाही.

शाळेने रजा दिली आहे. इंजेक्शनं सुरू आहेत. पण डाग नुसत्या औषधाने जाणार नाही, ऑपरेशन करून तेवढा भाग काढावा लागेल, असं म्हणतात. ते करणारे डॉक्टर तुमच्याकडेच आहेत, व्हाइटफील्डच्या पलीकडे मिशनचं छातीचं इस्पितळ आहे तिथे. त्यांनी होकार दिला आहे. मात्र खाट जुलैत रिकामी होईल, आणि त्याआधी दीड-दोन महिने दर आठवड्याला तपासायला यावं लागेल.

म्हणून विचारते. मे महिन्याच्या अखेरीपासून तेवढे दिवस तुमच्याकडे राहता येईल का? यांची भांडी, अंथरूण मी वेगळं ठेवीन. तोपर्यंत इंजेक्शनांनी थुंकीतला दोष पुष्कळ जातो, असं डॉक्टर म्हणतात.

आम्हांला भीती वाटत नाही. यंदाचं वचनच तसं मिळालं आहे. ज्याने आधी सांगून ठेवलं तोच पार नेईल.

प्रतिमा


बंगलोर, २ एप्रिल १९५८

प्रिय प्रतिमा,

सलाम. तुझं पत्र वाचलं. रोज प्रार्थना करते आहे.

येण्याचं म्हणशील तर तुमचंच घर आहे. पण मे महिन्यात क्वार्टर्सना चुना लावणार आहेत. पाणी एक वेळ येतं. अलका सहा वर्षांची, बाळ अजून रांगतं. जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं. यांना कारखान्यात जादा काम आहे. आणि इथली हवा तू पाहिलीस, दमट. त्यापेक्षा पाचगणी का नाही बघत? तिथली हवा या दुखण्याला उत्तम म्हणतात.

शिवाय एक सांगते, गैरसमज करून घेऊ नकोस. आमचं वर्षाचं वचन तुला ठाऊक आहे. व्याधी डेऱ्याजवळ येणार नाही, असं देवाने सांगितलं असताना ती आपण होऊन आणायची म्हणजे त्याचीच परीक्षा पाहणं नव्हे का? यांचंही हेच मत पडलं.

तुमचा विश्वास मोठा आहे. तुम्ही कुठेही राहिलात तरी तो पुरेल. आमचा बेताचा आहे.

नीला


अहमदनगर, १४ एप्रिल १९५८

ती. अक्का,

सलाम. तुमची अडचण समजली. लहान मुलं आहेत, तेव्हा बरोबरच आहे. इस्पितळाला लिहिलं आहे की जवळपास भाड्याची खोली असेल तर कळवा.

बाळाला दात आले का? अलकासाठी परकर शिवला आहे, कुणी येणारं असलं की पाठवते. तो मी माझ्या हाताने शिवून उन्हात ठेवला आहे, काळजी नसावी.

तुमच्यासाठी प्रार्थना करते.

प्रतिमा


बंगलोर, २६ एप्रिल १९५८

प्रतिमा,

तू एक शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं. शिवीला मी उत्तर दिलं असतं. परकर उन्हात ठेवला, काळजी नसावी, याला मी काय उत्तर देऊ? चार वेळा वाचलं. पहिल्या वेळी, तुला इतकं चांगलं वागता येतं म्हणून तुझा राग आला. चौथ्या वेळी माझा.

परवा कावेरीबाई विरजण मागायला आल्या. मी डोळे पुसत होते. त्यांनी विचारलं, मी अर्धंच सांगितलं: दिराला क्षय झाला, इथे आणायचं आहे, जागा नाही.

"जागा नाही?" त्या म्हणाल्या. "आमची माडी रिकामी आहे की. सरी, ठीक आहे, बोलवून घ्या."

"अहो, क्षय आहे."

"ऐकलं. कान शाबूत आहेत माझे. माडीला दोन खिडक्या आहेत, वारं चांगलं येतं."

"पण तुमच्या घरात..."

"तुमचा देव रोग्यांना हात लावून बरं करायचा म्हणून तुम्हीच सांगितलं होतं, अक्का."

सांगितलं होतं खरं. नाताळच्या करंज्या देताना, थोड्या तोऱ्यातच.

प्रतिमा, त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती. आधी वाटला तो हेवा. दीर माझा, जाऊ माझी, ख्रिस्त माझा, आणि तुम्हांला जागा देणार कावेरीबाई! लाज मागाहून, भांडी घासताना आली, पण आली ती अशी की अजून गेलेली नाही.

आता खरं सांगते. कुठेही बसली असशील तर उठू नकोस.

नव्या वर्षाच्या सकाळी मंडळीतून आल्यावर दोन्ही सुरळ्या समोरच्या कपाटात ठेवल्या होत्या. तुमचा दोरा निळा, आमचा पांढरा. तू आत बॅग भरत होतीस. मला फक्त बघायचं होतं. आमची उघडली तर क्लेश निघाले. मग तुमची उघडली, तर ते डेऱ्याचं वचन. मला वाटलं, हिलाच का? आवाज हिला, आबा हिला, आणि आता देवाचा पहारासुद्धा हिलाच? कागद बदलले. दोरे जागच्या जागी बांधले. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

यांनी ज्याला चौकट केली ते वचन तुमचं आहे. तू शास्त्रात जपून ठेवलंस ते माझं.

पहिले दोन महिने पकडली जाईन म्हणून भीत होते. तुझं मार्चचं पत्र आल्यापासून वाटतं, ते दुखणं मलाच यायचं होतं आणि मी त्याला तुमचा पत्ता दिला. आणि आता ते परत येईल म्हणून दार लावून बसले. माझं दोन तारखेचं पत्रही खोटं होतं. यांचं मत मी विचारलंच नव्हतं. तुझं पत्र यांना दाखवलंच नव्हतं. काल यांना कागदांचं आणि पत्राचं, दोन्ही सांगितलं. हे ताटावरून उठले. आठ वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच.

तू त्या वचनावर टेकून उभी आहेस हे मला माहीत आहे. ऑपरेशन व्हायच्या आत ते काढून घेणं योग्य की अयोग्य, मला कळत नाही. पण ते खोटं ठेवून तुला 'धीर धर' म्हणून लिहिणं मला यापुढे जमणार नाही.

नीला


अहमदनगर, ११ मे १९५८

ती. अक्का,

बारा दिवस उत्तर दिलं नाही, कारण दिलं असतं तर टपालखात्याने ते नेलं नसतं.

तुम्हांला वाटतं मी धीराची. मी तुम्हांला लिहिलं की भीती वाटत नाही. ते पत्र मी तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिलं होतं. यांना रक्त पडलं त्या दिवशी मी मागच्या अंगणात बसून तोंडात पदर कोंबला होता. मला तुमचा हेवा वाटतो, अक्का. तुमच्या नळाचा, तुमच्या मुलांचा, दामोदरदादांच्या खोकल्याचासुद्धा. कारण तो सर्दीचा असतो आणि चार दिवसांत जातो. हे मी कधी लिहिलं नाही. तुम्ही लिहिता. एवढाच आपल्यात फरक.

त्या कागदाला मी रोज हात लावत होते. तुमचं पत्र वाचल्यावर तो माझा नव्हताच म्हणून मी शास्त्रातून काढला आणि कुठे ठेवावा ते कळेना. चुलीत घालवेना. शेवटी आबांपुढे टाकला आणि तुमचं पत्रही टाकलं. माफ करा, दाखवलं.

आबा हसले. मला इतका राग आला! म्हणाले, "मी चाळीस वर्षं उपदेशक होतो. असे डबे मी स्वतः भरलेत. बायकांना आवडतील अशी वचनं जास्त घालायचो. देव काय त्या डब्यात बसून होता?" मी म्हटलं, "मग मला धीर कुणी दिला?" ते म्हणाले, "तेच तर विचारतोय. कागद तर नीलाचा होता."

यावर मी दोन दिवस विचार करते आहे. कागद तुमचा, पण अंगणातून उठून मी घरात गेले, सुई उकळली, यांच्यापुढे हसले, ते त्या कागदाने केलं नव्हतं. तेव्हा तो माझ्या हातात नव्हताही. कुणीतरी उठवलं. मला नाव सांगायची गरज नाही, तुम्हीही त्यालाच ओळखता.

आता दुसरं. डॉक्टर म्हणाले, हा डाग वर्षाचा तरी जुना आहे. म्हणजे नाताळात हे तुमच्याकडे केक खात होते तेव्हा तो होताच. तुम्ही स्वतःला फार मोठं समजता, अक्का. क्षय कुणाला वाटायचा हे काम देवाने तुमच्याकडे सोपवलेलं नाही.

एवढं कळूनही राग गेलेला नाही. वचनाचा नाही, पाचगणीचा. आम्ही दाराशी येऊ म्हटलं आणि तुम्ही देवाचं नाव घेऊन कडी लावलीत.

आम्ही कावेरीबाईंच्या माडीवर राहू. त्यांना माझा नमस्कार सांगा. २९ मेच्या गुरुवारी पुण्याहून निघतो.

प्रतिमा


बंगलोर, १९ मे १९५८

प्रिय प्रतिमा,

सलाम. तुझं पत्र यांच्यासमोर उघडलं आणि यांना मोठ्याने वाचून दाखवलं. क्षय वाटायचं काम सोपवलेलं नाही, या वाक्याला हे तीन आठवड्यांनी पहिल्यांदा हसले. माझ्या घरात माझ्या नवऱ्याला हसवतेस तीही तूच. असू दे.

कावेरीबाईंची माडी तुम्हांला मिळणार नाही. ती भरली आहे. अलका, बाळ आणि मी ३० तारखेला तिथे झोपायला जातो. तुम्ही आमच्या समोरच्या खोलीत. मी तुझ्या उत्तराची वाट न पाहता व्हाइटफील्डला बसने जाऊन इस्पितळातल्या सिस्टरना विचारून आले: मुलं वेगळ्या छपराखाली, खिडक्या उघड्या, भांडी उकळून, थुंकीला झाकणाचा डबा. एवढं पाळलं तर चालेल म्हणाल्या. मुलांना माडी द्या, असं सांगायला गेले तेव्हा कावेरीबाईंनी माझ्याकडे बघून घेतलं. "बरं झालं," म्हणाल्या, "मला वाटलं होतं तुम्ही विचारणारच नाही." म्हणजे पुण्याचा अर्धा वाटा त्यांनी ठेवूनच घेतला! मी तो कुरकुर करत दिला.

भीती गेली का, म्हणशील. नाही गेली. आजवर माझी प्रार्थना म्हणजे चौकीदाराला दिलेल्या सूचना: इकडे लक्ष ठेव, त्याला आत सोडू नकोस, माझ्या दाराशी उभा राहा. काल पहिल्यांदा एकही सूचना सुचली नाही. "मला फार भीती वाटते, आणि ते येताहेत," एवढंच म्हणाले. मग उठून खोली झाडायला घेतली. भीती मागोमाग आली. पण तिने हातातला झाडू काढून घेतला नाही, आणि खोली झाडून झाली. विश्वास म्हणतात तो हाच की याहून भारी असतो, मला माहीत नाही. माझ्या वाट्याला सध्या एवढा आला आहे. तुझ्यापेक्षा कमी असणार, ते मी आत्ताच धरून चालले आहे.

हे स्टेशनवर येतील. भाऊजींना जिन्याने चढवू नकोस, पोर्टर बघ. आबांनाही घेऊन ये. एकटे राहिले तर मला कार्डं लिहीत बसतील.

आणि राग गाडीत टाकून येऊ नकोस. जेवढा असेल तेवढा घेऊन ये. सात वर्षं झाली या गावात. मला कानडीत भाजी घेता येते, दूधवाल्याला थांबवता येतं, पण भांडता येत नाही. तू ये. दोन महिने आहेत. पाचगणीपासून सुरुवात कर.

तुझी,
नीला